धुरक्याचा मूळ पत्ता

१९५०च्या दशकात अलास्काहून उत्तर ध्रुवाच्या दिशेने हवामान-निरीक्षणासाठी उड्डाणे करणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना बर्फाळ प्रदेशावर एक धुरके वारंवार दिसू लागले. सूर्याच्या दिशेने पाहिले तर ते तांबूस-तपकिरी दिसे आणि विरुद्ध दिशेला करडे-निळसर. जे. मरे मिचेल या हवामानशास्त्रज्ञाने १९५७च्या सुमारास त्याची नोंद करून त्याला ‘आर्क्टिक धुरके’ म्हटले. सभोवताली हजारभर किलोमीटर ना मोठा कारखाना, ना दाट वस्ती. तरीही हवा गढूळ. हे धुरके येते कोठून, याचे पटण्याजोगे उत्तर मिळायला त्यानंतर जवळपास पंचवीस वर्षे गेली.

एवढा उशीर लागण्याचे कारण निरीक्षणांच्या अभावापुरते मर्यादित नव्हते. हवेतील सूक्ष्म कण मैलोन्‌मैल प्रवास करू शकतात, हे तोवर ज्वालामुखींच्या आणि वाळवंटांच्या संदर्भात मान्य झाले होते. मात्र चिमण्यांतून आणि वाहनांतून निघालेला धूर खंड ओलांडून जाईल, असे फारसे कोणी धरून चालत नव्हते. केनेथ राहन आणि ग्लेन शॉ या संशोधकांनी १९७६च्या वसंतात अलास्कात धुरक्याचे थर तपासले, तेव्हा त्यांत आशियाई वाळवंटांतील धूळ सापडली आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. परंतु हिवाळाभर टिकणाऱ्या धुरक्याच्या नमुन्यांत सल्फेट हे गंधकाचे संयुग आणि व्हॅनेडियम हा धातू यांचे प्रमाण एवढे होते की, नुसत्या मातीच्या आधारे त्याचा खुलासा होईना.

पुढचे काम गाळणकागदावर झाले. ठरावीक काळ हवा ओढून घेणाऱ्या पंपासमोर गाळणकागद ठेवला की त्यावर राखाडी थर जमतो. हा थर अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली धरला की त्यातील मूलद्रव्ये आपापल्या वैशिष्ट्यपूर्ण किरणोत्सर्गावरून ओळखता येतात. राहन आणि डग्लस लोवेन्थल यांनी त्यांतील मँगनीज व व्हॅनेडियम यांच्या गुणोत्तरावर लक्ष केंद्रित केले, आणि तेही मातीतून येणारा वाटा वजा करून. व्हॅनेडियम प्रामुख्याने जड इंधनतेल जाळल्याने हवेत येते. अमेरिकेच्या ईशान्य भागात असे तेल भरपूर जाळले जाई, त्यामुळे तेथील हवेत मँगनीजच्या मानाने व्हॅनेडियम जास्त असे; युरोप आणि तत्कालीन सोव्हिएत संघाच्या हवेत मँगनीजचा वाटा मोठा होता. आर्क्टिकमधील गुणोत्तर दुसऱ्या गटाशी जुळले. १९८४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने संशयाची सुई यूरेशियाकडे स्पष्टपणे वळवली.

हवामानशास्त्रानेही याला दुजोरा दिला. हिवाळ्यात ध्रुवीय थंड हवेची सीमा यूरेशियात इतकी दक्षिणेकडे सरकते की, तेथील अनेक औद्योगिक केंद्रे त्या थंड हवेच्या आतच येतात. या हवेत वर-खाली मिसळण फार कमी, पाऊस-बर्फही जेमतेम. त्यामुळे कणांना खाली आणणारी यंत्रणाच थंडावते आणि धूर जमिनीलगतच्या थरांतून उत्तरेकडे सरकत राहतो. एरवी आठवडाभरात धुऊन निघणारे कण येथे कित्येक आठवडे तरंगतात.

प्रदूषक किती दूर जाईल हे दोन गोष्टींवर ठरते: वारा किती वेगाने वाहतो आणि तो पदार्थ हवेत किती काळ टिकतो. यातील दुसरी गोष्ट सामान्य चर्चेत बहुधा निसटते. दिवसा उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड काही तासांतच दुसऱ्या रूपात जातो, म्हणून तो उत्सर्जनाच्या ठिकाणाजवळच दाट आढळतो. सल्फर डायऑक्साइड साधारण एक-दोन दिवस टिकतो, पण त्यापासून बनणारे सल्फेटचे कण सुमारे आठवडाभर हवेत राहतात. कार्बन मोनॉक्साइड महिना-दोन महिने टिकतो, त्यामुळे मोठ्या वणव्यांचा धूर कोठवर पोहोचला हे पाहण्यासाठी तो फार उपयोगी पडतो. नायट्रोजनची ऑक्साइडेही एक पळवाट काढतात: सेंद्रिय वायूंशी संयोग पावून ती पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट नावाच्या संयुगात बंदिस्त होतात. हे संयुग वरच्या थंड हवेत दीर्घकाळ टिकते आणि हवा पुन्हा खाली उतरून तापली की विघटित होऊन नायट्रोजन ऑक्साइडे मोकळी करते. उत्सर्जन एका खंडात आणि त्यापासून ओझोन (जमिनीलगत असला की हाही प्रदूषकच) तयार होणार दुसऱ्या खंडाजवळ, असा प्रकार यामुळे घडू शकतो.

उंचीचाही येथे मोठा हात आहे. दिवसा जमीन तापते तेव्हा हवेचा एक-दोन किलोमीटर जाडीचा थर घुसळला जातो आणि धूर त्यात पसरतो; रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिरावते आणि दिवसा वर गेलेला धूर या स्थिर थराच्या वर अडकतो. तेथे जमिनीचे घर्षण नसते, वारा वेगवान असतो, आणि पहाटेपर्यंत धूर शेकडो किलोमीटर पुढे सरकलेला असतो. सकाळी जमीन पुन्हा तापली की तो खाली ओढला जातो. एखाद्या ठिकाणी सकाळच्या पहिल्या प्रहरानंतर ओझोन एकाएकी वाढतो, त्यामागे कधी कधी हेच कारण असते. याहून मोठी झेप वादळी चक्रावातांमुळे घेतली जाते: त्यांतील उबदार हवेचे प्रवाह प्रदूषके आठ-दहा किलोमीटर उंचीपर्यंत नेतात आणि तेथील पश्चिमी वारे त्यांना सुमारे आठवडाभरात महासागरापार पोहोचवतात.

उंच चिमणीचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. कॅनडातील सडबरी येथील निकेल-तांबे प्रकल्पात १९७२मध्ये ३८१ मीटर उंचीची चिमणी उभी राहिली. परिसरातील हवा सुधारली, गावाला दिलासा मिळाला; मात्र सल्फर डायऑक्साइड नाहीसा न होता वाऱ्याबरोबर दूरवर पसरला. स्थानिक मोजमापे सुधारली म्हणून प्रदूषण कमी झाले, असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे मला या चिमणीइतके नेमके दुसरे काही सांगत नाही. स्वीडनचे मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओदेन यांनी १९६७मध्येच मांडले होते की, स्कँडिनेव्हियातील तळी आम्लयुक्त होण्यामागे ब्रिटन आणि मध्य युरोपातील गंधकयुक्त धूर आहे. पुढे १९७२मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मोजमापांचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला, १९७९मध्ये जिनिव्हा येथे दीर्घ पल्ल्याच्या सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला आणि १९८३मध्ये तो अमलात आला.

करार झाला तरी कोणाचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर संगणकीय प्रारूपांतून, म्हणजे हवेच्या हालचालींची संगणकावर गणिती नक्कल करून, शोधले जाते. सर्वांत परिचित पद्धत म्हणजे वाऱ्याच्या नोंदी घेऊन हवेचा मार्ग उलट दिशेने काढणे: आज येथे असलेली हवा पाच दिवसांपूर्वी कोठे होती? नकाशावर काढलेली ती एकच ठळक रेघ फार खात्रीची वाटते. प्रत्यक्षात अशा मार्गातील चूक प्रवासाच्या अंतराच्या सुमारे २० टक्के असणे सर्वसाधारण मानले जाते. म्हणजे दोन हजार किलोमीटर मागे गेल्यावर आपण चारशे किलोमीटर इकडे किंवा तिकडे असू शकतो. शिवाय हवा एखाद्या प्रदेशावरून गेली याचा अर्थ तिने तेथील धूर उचलला असा होत नाही. ती तेथून चार किलोमीटर उंचीवरून गेली असेल, तर खालच्या धुराशी तिचा संबंधच आलेला नसतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक एका रेघेऐवजी वेगवेगळ्या उंचीवरून निघणारे हजारो काल्पनिक कण सोडतात आणि त्यांचा विखुरलेला ढग पाहतात.

ही प्रारूपे खरी किती, हे तपासण्यासाठी युरोपात एक धीट प्रयोग झाला. २३ ऑक्टोबर १९९४ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मोंतेरफील या ठिकाणाहून सुमारे ३४० किलो परफ्लुओरोमिथाइलसायक्लोहेक्झेन हा निरुपद्रवी वायू बारा तास सलग सोडण्यात आला. हवेत तो मुळात अत्यल्प असतो आणि त्याची नगण्य मात्राही ओळखता येते, म्हणून त्याची निवड झाली होती. सतरा देशांतील १६८ ठिकाणी हवेचे नमुने घेतले जात होते आणि विविध देशांतील संशोधक-गट त्याच वेळी आपापले अंदाज वर्तवत होते. वायूचा ढग ईशान्येकडे जर्मनीवरून सरकला आणि बऱ्याच प्रारूपांनी त्याची वाट व वेळ ठीकठाक सांगितली. १४ नोव्हेंबरला प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मात्र शीत वाताग्र, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची आघाडीची कड, आडवे आले आणि जमिनीलगत प्रत्यक्ष सापडलेला वायू अंदाजांपेक्षा कितीतरी कमी भरला. माझ्या मते या दुसऱ्या प्रयोगाचे मोल पहिल्याहून अधिक आहे, कारण प्रारूपे कोठे गडबडतात हे त्याने दाखवून दिले.

आज उपग्रहांमुळे चित्र पुष्कळ स्पष्ट झाले आहे. जून २०२३मध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी केले, तेव्हा त्याचा प्रवास अवकाशातून जवळपास सतत पाहता आला. परंतु बहुतेक उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेतील एकूण मात्रा मोजतात. माणूस श्वास घेतो त्या दीड-दोन मीटर उंचीवर किती आहे, हे त्यावरून थेट कळत नाही. लेसर किरण सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून धुराच्या थराची उंची सांगणारी कॅलिप्सोसारखी मोहीम (२००६ ते २०२३) यासाठी फार उपयुक्त ठरली. दिवसातून एकदाच वरून जाणाऱ्या उपग्रहांची उणीव आता भूस्थिर कक्षेतील, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम राहणारी, उपकरणे भरून काढत आहेत: दक्षिण कोरियाचे जेम्स २०२०मध्ये, अमेरिकेचे टेम्पो २०२३मध्ये आणि युरोपचे सेंटिनेल-४ २०२५मध्ये प्रक्षेपित झाले.

एवढे सगळे असूनही वाटणीचे गणित सरळ होत नाही, कारण प्रदूषक वाटेत बदलतात. समजा, एका प्रदेशातील वाहनांमधून निघालेली नायट्रोजन ऑक्साइडे वाऱ्याबरोबर शेतीप्रधान प्रदेशात गेली आणि तेथील खतांतून व गुरांच्या मलमूत्रातून उठणाऱ्या अमोनियाशी मिळून अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण झाले. पहिल्या प्रदेशाचे उत्सर्जन प्रारूपात शून्य केले तर हे कण नाहीसे होतात. दुसऱ्याचे शून्य केले तरी नाहीसेच होतात. दोघांचाही वाटा शंभर टक्के निघतो आणि बेरीज दोनशे होते. यावर उपाय म्हणून आंतरखंडीय तुलनांमध्ये एकेका प्रदेशाचे उत्सर्जन केवळ २० टक्क्यांनी घटवून दूरवर होणारा फरक मोजला जातो. त्यातून मिळणारा आकडा त्या प्रदेशाचा एकूण वाटा किती हे सांगत नाही. तेथे थोडी कपात केली तर दूरच्या हवेत किती फरक पडेल, एवढेच सांगतो. धोरण ठरवणाऱ्याला बहुधा हीच माहिती हवी असते.