ओआरएसचं पाकीट की ओआरएससारखा दिसणारा टेट्रापॅक? जुलाबात बाळाला नक्की काय देतोय ते एकदा बघा

माझी मुलगी चौदा महिन्यांची होती तेव्हा तिला पहिल्यांदा जोराचे जुलाब लागले. जुलै महिना, नळाला गढूळ पाणी येत होतं, बिल्डिंगमधल्या अजून दोन मुलांचंही पोट बिघडलेलं. दिवसभरात आठ-नऊ वेळा तरी डायपर बदलला असेल मी, शी म्हणजे नुसतं पाणी, आणि घरातलं प्रत्येक जण सांगत होतं की दात येतायत ना म्हणून होतंय, होईल बरं. (दात येताना मुलं दिसेल ते तोंडात घालतात, त्यातून जंतू पोटात जातात, पण दातामुळे आठ-आठ पाण्यासारख्या शी होत नाहीत, हे मला नंतर कळलं.) संध्याकाळी नवऱ्याला म्हणलं मेडिकलमधून ओआरएस घेऊन ये, तर तो चार टेट्रापॅक घेऊन आला, सफरचंदाच्या चवीचे, वर मोठ्या अक्षरात नावातच ओआरएस. पोरीला जाम आवडलं ते. स्ट्रॉ सोडेना. आणि दुसऱ्या दिवशी जुलाब कमी व्हायच्या ऐवजी वाढले.

डॉक्टरांनी विचारलं काय देताय, मी म्हणलं ओआरएस देतेय की नियमित. ते म्हणाले पॅक दाखवा. बॅगेत होता एक, काढून दिला, तर त्यांनी तो उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. तिथे लिहिलं होतं की हे उत्पादन डब्ल्यूएचओने (म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने) सांगितलेलं ओआरएस नाही. पुढे नाव मोठं आणि मागे हे वाक्य मुंगीएवढं. तेव्हापासून ही गोष्ट मी भेटेल त्या आईला सांगते, आज सगळी नीट लिहून काढतेय.

तर ओआरएस म्हणजे काय, तर ते सरबत नाही, टॉनिक नाही आणि एनर्जी ड्रिंक तर अजिबात नाही, ते मोजून केलेलं औषध आहे. डब्ल्यूएचओचं जे माप २००२ पासून चालतं ते असं आहे की एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम साधं मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. सगळं मिळून साडेवीस ग्रॅम. बस, एवढंच. पण यातली सगळी किंमत त्या मापाला आहे, विशेषतः साखर आणि मिठाच्या प्रमाणाला.

ते प्रमाण एवढं का महत्त्वाचं, हे मला समजलं तेव्हा बाकी सगळं आपोआप समजलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रकारचं दार असतं, त्यातून मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात, आणि ते दोघं आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणीही शरीरात ओढलं जातं. जुलाबात आतड्याचं बाकी काम बिघडलेलं असतं, नुसतं पाणी पाजलं तर ते नीट शोषलं जात नाही, पण हे दार बऱ्यापैकी चालू राहतं. म्हणून ओआरएसमधली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी नसतेच, ती फक्त मीठ आणि पाणी आत न्यायला असते, आणि ती मिठाच्या प्रमाणात मोजकीच लागते. साखर त्या मापाच्या कितीतरी पट जास्त झाली तर काय होतं? साखरांबा करताना कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवतो बघा, तासाभरात पातेल्यात पाणीच पाणी होतं, कारण साखर फोडीतलं पाणी बाहेर ओढते. तसंच आतड्यात होतं. जास्तीची साखर तिथेच पडून राहते आणि बाळाच्या अंगातलं पाणी उलटं आतड्यात खेचते, आणि ते शीवाटे बाहेर. म्हणजे आपण प्रेमानं चमच्या-चमच्यानं जे पाजतोय त्यानंच बाळ अजून कोरडं पडतं.

आता टेट्रापॅकवाल्या फळांच्या चवीच्या पेयांचं बघा. त्यातल्या बऱ्याच पेयांत लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे २०० मिलीच्या एका पॅकमध्ये जवळजवळ पाच चमचे. खऱ्या ओआरएसच्या तेवढ्याच पाण्यात ग्लुकोज असतं २.७ ग्रॅम, धड एक चमचाही नाही. आणि मीठ बघायला गेलं तर त्या पेयात ओआरएसपेक्षा बरंच कमी, कारण मीठ जास्त घातलं तर मुलं तोंड फिरवतील ना. म्हणजे जे जास्त हवं ते कमी आणि जे मोजकंच हवं ते ढीगभर. मोठा माणूस उन्हातून क्रिकेट खेळून आला आणि असलं काही प्यायला तर एक वेळ चालून जाईल, पण आठ-दहा किलोचं बाळ, त्यात जुलाब चालू, त्याच्यासाठी हे नाहीच.

चव हीच खरी तर पहिली खूण आहे. खरं ओआरएस थोडंसं गोड, थोडंसं खारट आणि एकूण बेचव लागतं, ओठावर आलेल्या डोळ्यातल्या पाण्यासारखं म्हणा. फ्लेवरवालं असलं तरी ती खारट झाक लपत नाही. बाळ मिटक्या मारत अख्खा पॅक संपवतंय आणि चाखून बघितलं तर फ्रूटीसारखं लागतंय, तर ते ओआरएस नाही समजायचं.

दुसरी खूण पॅकच्या मागे. ओआरएस आपल्याकडे औषध म्हणून विकलं जातं, त्यामुळे पाकिटावर ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स असं पूर्ण नाव असतं, मापं दिलेली असतात, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला असतो आणि औषधाच्या लायसन्सचा नंबर असतो. आणि जर तिथे एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) लोगो आणि चौदा आकडी नंबर दिसला तर ते खाद्यपदार्थ म्हणून विकलं जातंय, बिस्किट-ज्यूसच्या रांगेतलं, मग पुढे काहीही लिहिलेलं असू दे. फक्त एक लक्षात ठेवा, टेट्रापॅक दिसला की तो खोटाच असंही नाही, डब्ल्यूएचओच्या मापाचं तयार पातळ ओआरएसही टेट्रापॅकमध्ये मिळतं. म्हणून खोक्याचा आकार, रंग, त्यावरचं फळ काही बघू नका, मागचं वाचा. आणि दुकानात नुसतं ओआरएस द्या म्हणण्यापेक्षा डब्ल्यूएचओवालं पावडरचं पाकीट द्या म्हणा, बरेच घोळ तिथेच टळतात.

आता तुम्ही म्हणाल हे असं नाव लावून विकायला परवानगी कशी होती. तर होती. जुलै २०२२ आणि फेब्रुवारी २०२४ च्या आदेशांनी एफएसएसएआयने कंपन्यांना नावाच्या पुढे-मागे काहीतरी जोडून ओआरएस शब्द वापरायची मुभा दिली होती, अट एवढीच की हे डब्ल्यूएचओचं ओआरएस नाही असं पॅकवर लिहायचं. ते मुंगीएवढं वाक्य आलं ते इथून. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याच्या विरोधात कित्येक वर्षं लढत होत्या, आणि शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला एफएसएसएआयने ती मुभा काढून घेतली, आता खाद्यपेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरता येत नाही. मला ती बातमी वाचून खरंच भरून आलं होतं. पण नाव बदललं म्हणजे आतलं बदललं असं नाही, त्याच चवीचं त्याच साखरेचं पेय दुसऱ्या नावानं मेडिकलच्या त्याच कप्प्यात असू शकतं, आणि आपल्या डोक्यात ते ओआरएस म्हणूनच बसलेलं असतं. सवय आदेशानं जात नाही.

वाईट जास्त याचं वाटतं की हे औषध जगाला ज्यांनी दाखवून दिलं त्यात आपल्याच देशातला माणूस पुढे होता. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, माणसं जमिनीवर पडलेली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाईकांच्याच हातून रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. डॉक्टर नसलेल्या, घाबरलेल्या घरच्या माणसांनी पेल्यानं पाजून माणसं वाचवली, हे मला फार मोठं वाटतं, कारण रात्री दोन वाजता बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणजे तेच की.

बरं, खरं पाकीट आणलं म्हणून काम झालं असंही नाही, कारण दुसरी गडबड कालवताना होते. पाकिटं दोन मापांची मिळतात, मोठं साधारण २०-२१ ग्रॅमचं एक लिटरसाठी आणि छोटं साधारण ४ ग्रॅमचं एका पेल्यासाठी म्हणजे २०० मिलीसाठी. आणि लोक काय करतात, मोठं पाकीट उघडतात, त्यातली थोडी पावडर कपभर पाण्यात अंदाजानं टाकतात, वरून रबर लावून ठेवून देतात. असं नका करू हो. पावडर जास्त पडली तर मीठ जास्त होतं आणि बाळाच्या मेंदूपर्यंत त्रास जाऊ शकतो, कमी पडली तर उपयोग नाही. अख्खं पाकीट, पाकिटावर लिहिलेलं पूर्ण पाणी, पाणी उकळून गार केलेलं. दुधात नाही, ज्यूसमध्ये नाही, वरून साखर नाही. एक लिटर वाया जातं म्हणून जीव तुटत असेल तर बाळासाठी छोटीच पाकिटं आणा. कालवलेलं २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

द्यायचं किती, तर दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. आणि बाटलीनं गटागटा नाही, वाटी-चमचा घ्यायचा, मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत अजून हळू सुरू करायचं, उलटी झाली म्हणून बंद करायचं नाही. माझी पोर पहिल्या रात्री खऱ्या ओआरएसचा एकेक चमचा थुंकत होती, टेट्रापॅकची चव लागलेली ना जिभेला, मग सासूबाईंनी तिला खिडकीत कावळा दाखवत, गाणी म्हणत, औषधाच्या ड्रॉपरनं गालाच्या आतून थोडं थोडं सोडलं, तासभर लागला एका वाटीला. पण गेलं पोटात.

अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा पाजायचं. खाणं पण बंद नाही, मऊ भात, पातळ खिचडी, वरण, दही जे खातं ते. आणि झिंक, याच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं, जुलाबात १४ दिवस झिंक देतात, सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलीग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा, डॉक्टरांना विचारून घ्या. गावाकडे आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं.

रात्री-अपरात्री पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा सपाटच हवा, शीग लावून नाही. हे तात्पुरतं, सकाळी पाकीट आणा. मीठ घातलेली तांदळाची पेज, ताक, शहाळ्याचं पाणी हे मोठ्या बाळाला सोबत देऊ शकता पण शहाळ्यात मीठ कमी असतं त्यामुळे ते ओआरएसच्या जागी नाही. ग्लुकोज पावडर तर नकोच, ती नुसती साखर आहे, आणि कोल्ड्रिंकचा गॅस काढून देणं पण नको. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर घरगुती प्रयोग न करता सरळ डॉक्टरांना फोन.

आणि हे दिसलं तर ओआरएसवर विसंबून घरी बसू नका: डोळे खोल गेलेत, टाळू खोल गेलीय, रडताना डोळ्यात पाणी नाही, सहा-आठ तास शू नाही, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी हळूहळू खाली बसतेय, शीत रक्त आहे, बाळ नुसतं पडून आहे किंवा काहीच पीत नाहीये. डायपरमध्ये पाण्यासारखी शी आणि शू वेगळी कळत नाही, म्हणून मी त्या दिवसांत सुती लंगोट वापरले, तेवढं धुणं वाढलं पण शू झाली की नाही ते तरी कळत होतं.

गेल्या महिन्यात नणंदेचा साताऱ्याहून रात्री अकराला फोन आला, तिच्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाब, म्हणाली वहिनी काळजी नको ओआरएस आणलंय. मी म्हणलं पॅक उलटा कर आणि मागचं मला वाचून दाखव. तिनं वाचलं, साखरेचा आकडा वाचला, मग थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग नवऱ्याला हाक मारली की अहो, मेडिकल उघडं असेल का बघा.