ऑगर की कप? हळदीची मशीन आणि डाळीची मशीन

"भाऊ, सील सुटून राहिलं नं. पाकीट दाबलं का हळद बाहेर." समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटातल्या ताईंचा पावसाळ्यात फोन आला. जाऊन पाहिलं तर पाकिटं भरून सील करणारी मशीन नवीकोरी, पण वर बसवला होता कप फिलर, म्हणजे माल कपाने मापून पाकिटात सोडणारा भाग. "यात सगळं भरतं" असं सांगून विकणाऱ्याने तीच गळ्यात मारली होती. सील करणाऱ्या जबड्यावर पिवळी धूळ जळून तपकिरी थर झाला होता. पाकिटाच्या प्लास्टिक फिल्मच्या दोन पदरांत हळद अडकली की सील धरत नाही, मग उष्णता कितीही वाढवा.

फसगत होते, कारण खालून दोन्ही मशीन सारख्याच दिसतात. फिल्मचा रोल, फिल्मला नळीसारखी वळवणारी कॉलर, उभं सील, आडवं सील, कटर, सगळं तेच. फरक असतो हॉपरखाली, म्हणजे माल ओततो त्या भांड्याखाली: तिथे कप फिलर असतो नाहीतर ऑगर.

कप फिलरमध्ये फिरती तबकडी असते आणि तिच्यात कप. कप भरला की पट्टी वरचा माल सपाट करते, पुढे खालचं झाकण उघडतं आणि माल आपल्याच वजनाने पडतो. म्हणून माल घरंगळणारा हवा: तूरडाळ, तांदूळ, साखर. हळद किंवा तिखट तसं पडत नाही, कपाला चिकटतं, थोडं मागे राहतं, बाकीचं धुरळा होऊन उडतं. वायगावची हळद असो की भिवापूरची मिरची, भौगोलिक मानांकनाचं नाव पाकिटावर छापायचं आणि ते पाकीट दुकानातच गळायचं, हे बघवत नाही.

ऑगरमध्ये फनेलच्या आत स्क्रू असतो. तो ठरावीक फेरे फिरतो, तेवढीच पावडर खाली ढकलतो आणि थांबला की धार तुटते. हॉपरमध्ये पावडर अडून राहू नये म्हणून ढवळणी असते. याच ऑगरमध्ये डाळ घातली तर स्क्रू आणि नळीच्या फटीत दाणा चिरडतो, चुरा पडतो आणि भाव उतरतो.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना कुणी सांगतच नाही. हे दोन्ही फिलर आकारमान मोजतात, वजन नाही. दळण बारीक झालं किंवा हवा दमट झाली की तेवढ्याच जागेत वेगळं वजन बसतं. 100 ग्रॅमच्या पाकिटात कायद्याने 4.5 ग्रॅमपर्यंत तूट चालते, पण एखाद्याच पाकिटात. लॉटची सरासरी कमी भरलेली चालत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला दहा पाकिटं काट्यावर ठेवायचीच.

दुरुस्तीत कप फिलर सोपा, बराचसा गिअर-चेनचा कारभार. सर्वो मोटरचा, म्हणजे नेमके फेरे फिरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचा ऑगर व्होल्टेज खालीवर झालं की रुसतो, आणि मेकॅनिक नागपूरहून येईपर्यंत दिवस जातो. गावातल्या आयटीआय झालेल्या पोरांना इथे खरंच काम आहे.

केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान मिळतं. पण मशीन चुकली तरी कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. त्यामुळे हळद आणि डाळ दोन्ही भरायची असेल तर दोन्ही फिलर बसतील असाच सांगाडा आधी मागा.

त्या गटाने नंतर ऑगर घेतला. या वेळी ताई आपली दहा किलो हळद सोबत घेऊन गेल्या, समोर भरून घेतली आणि पाकिटं एकेक करून बादलीतल्या पाण्यात दाबली. एकाही पाकिटातून बुडबुडा आला नाही, तेव्हाच त्यांनी चेकवर सही केली.