लॉग टेबलात न मावणारा माणूस

‘तुम्ही निर्णय घेण्याआधीच तुमच्या मेंदूने तो घेतलेला असतो, विज्ञानाने हे सिद्ध केलंय!’ हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरत येतो. सोबत हमखास मेंदूचं निळं-जांभळं चित्र. यामागचे प्रयोग खरे आहेत, दवंडी मात्र अवाच्या सवा आहे. 1983 साली बेंजामिन लिबेट यांनी लोकांना मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं. हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधीच मेंदूतला विद्युत आलेख चढू लागे, आणि ‘आता हलवावं’ असं माणसाला त्यानंतर जाणवे. 2008 च्या एका प्रयोगात स्कॅनवरून माणूस डावं बटण दाबणार की उजवं, हे काही सेकंद आधी ओळखता आलं, पण अचूकता होती 60 टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. हे भांडण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये रंगलं होतं, आणि अस्तित्ववादाचं, म्हणजे माणूस स्वतःच्या निवडीतूनच स्वतःला घडवतो असं मानणाऱ्या तत्त्वज्ञानाचं, एक मूळ तिथे सापडतं.

1863 साली इव्हान सेचेनोव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा ‘मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया’ हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी बेडकांवर प्रयोग केले होते. बेडकाचा पाय सौम्य गंधकाम्लात बुडवायचा आणि तो पाय किती वेळात वर ओढतो ते मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यांवर मोजायचं. ही शाळेत शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया, तिला मज्जारज्जू पुरतो. मग सेचेनोव्ह यांनी मेंदूचा पुढचा भाग काढून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागाच्या कापलेल्या पृष्ठभागावर मिठाचा खडा ठेवला. पाय ओढायला लागणारा वेळ वाढला! म्हणजे मेंदू प्रतिक्षिप्त क्रियेला नुसता चालना देत नाही, लगामही घालतो. यावरून त्यांनी मोठीच झेप घेतली: खेळणं पाहून हसणारं मूल असो की विश्वाचे नियम लिहिणारा न्यूटन, शेवटी सगळं स्नायूंच्या हालचालीवर येतं आणि तिचं कारण बाहेरच्या उद्दीपनात असतं. आपण ज्याला ‘विचार’ म्हणतो, ती लगाम घातलेली प्रतिक्षिप्त क्रिया.

त्याच वर्षी रशियन लेखक चेर्निशेव्हस्की यांची ‘काय करावे?’ ही कादंबरी आली. माणसाला त्याचं खरं हित शास्त्रशुद्धपणे समजावून दिलं की तो शहाण्यासारखाच वागेल, असा तिचा सूर. पुढच्याच वर्षी, 1864 मध्ये, रशियन कादंबरीकार फ्योदोर दस्तयेव्हस्की यांनी ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ लिहून याला उत्तर दिलं. दस्तयेव्हस्की विज्ञान-गणिताला बिचकणारे लेखक नव्हते. ते पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातून बाहेर पडले 1843 साली, आणि सेचेनोव्ह तिथे दाखल झाले तेही 1843 सालीच.

या पुस्तकातला तळघरात राहणारा, चिडका, यकृताच्या दुखण्याने कावलेला निवेदक म्हणतो: समजा, उद्या माणसाच्या सगळ्या कृती 1,08,000 पर्यंतच्या लॉग टेबलासारख्या कोष्टकात मांडल्या. मग मी उरलो कोण? पियानोची पट्टी, दुसऱ्याने दाबली की वाजणारी. ते कोष्टक माझ्या हिताचंच सांगत असलं तरी मी मुद्दाम उलट वागेन, कारण माझ्या लेखी सगळ्यात मोठं हित म्हणजे माझी स्वतःची इच्छा. आणि हा उलटेपणाही कोष्टकात बसवलात, तर मी मुद्दाम वेडा होईन!

नुसता त्रागा वाटतो ना? पण यात एक अस्सल गणिती गाठ आहे, आणि मला ती फार आवडते. भाकीत त्याच माणसाला सांगितलं की ते त्याच्या वागण्याचं एक कारण होऊन बसतं. म्हणून भाकीत करणाऱ्याला असं उत्तर शोधावं लागतं, जे सांगितल्यानंतरही खरं राहील. 1954 साली हर्बर्ट सायमन यांनी निवडणुकीच्या अंदाजांबाबत हाच प्रश्न सोडवला. एक चौकोन काढा. आडव्या अक्षावर जाहीर केलेला अंदाज, 0 ते 100 टक्के. उभ्या अक्षावर तो वाचून लोकांनी प्रत्यक्ष दिलेली मतं. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णावर अंदाज आणि मतं सारखीच असतात. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग जाणारी रेषा या कर्णाला कुठे ना कुठे भेटणारच. तो भेटीचा बिंदू म्हणजे जाहीर करूनही खरा ठरणारा अंदाज. आता तळघरातला माणूस घ्या. त्याच्यापुढे दोनच पर्याय आहेत, चहा किंवा कॉफी, आणि तो हट्टाने उलट वागतो. मधलं काही नाही, रेषा सलग नाही. ती कर्णाला न शिवता पलीकडे उडी मारते. खरं ठरणारं उत्तर अस्तित्वातच नाही, संगणक कितीही मोठा आणा. (राशिभविष्यवाल्यांनी ही अडचण केव्हाच सोडवली आहे: ‘काळ संमिश्र राहील’ याच्या उलट वागून दाखवायचं कसं?)

मात्र यावरून इच्छास्वातंत्र्य सिद्ध झालं असं कुणी म्हणेल तर थांबा. ‘लाल’ सांगितलं की हिरवा दिवा लावणारं आणि ‘हिरवा’ सांगितलं की लाल लावणारं साधं सर्किटही भाकिताला असंच हरवतं, आणि ते पूर्णपणे नियमबद्ध असतं. त्याच्याबद्दलचं भाकीत पाकिटात बंद ठेवलं तर बिनचूक ठरेल. फरक पाकीट उघडण्याचा आहे. बाहेरून पाहणाऱ्याकडे कोष्टक असेलही, पण निवड करत असलेल्या माणसाला ते बांधील उत्तर म्हणून वापरता येत नाही, त्याला ठरवावंच लागतं. माझ्या मते दस्तयेव्हस्की यांचं अस्तित्ववादाला खरं देणं हे आहे. माणूस म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी बाहेरून पाहणाऱ्याकडून काढून आत अडकलेल्याच्या हाती दिला.

पुढची नावं ओळखीची आहेत. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेला ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’चा फ्रेंच अनुवाद 1887 च्या सुमारास हाती लागला आणि तो भारावला. फ्रेंच लेखक काम्यूने 1942 मध्ये दस्तयेव्हस्की यांच्याच ‘द पझेस्ड’ या कादंबरीतल्या किरिलोव्ह या पात्रावर प्रकरण लिहिलं. फ्रेंच अस्तित्ववादी सार्त्रने 1945 च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात ‘ईश्वर नसेल तर सगळंच चालेल’ हा दस्तयेव्हस्की यांचा विचार आरंभबिंदू मानला. पण दस्तयेव्हस्की स्वतः श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, आणि तळघरातला माणूस त्यांचा आदर्श नव्हता, इशारा होता. मार्च 1864 मध्ये भाऊ मिखाइल यांना लिहिलेल्या पत्रात ते सेन्सॉरवर जळफळतात: नायकाने सगळ्याची टिंगल केलेली या डुकरांनी राहू दिली, आणि यातून श्रद्धेची, ख्रिस्ताची गरज जिथे दाखवली तो भाग कापला. पुढच्या आवृत्तीतही त्यांनी तो मजकूर परत घातला नाही. का घातला नाही, यावर अभ्यासक अजून भांडतात.