संशोधन निधीची पातळी

वैज्ञानिक संशोधनासाठी शासनाने किती तरतूद करावी, हे ठरवण्याचे निकष व पद्धती. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सामान्यतः स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) टक्केवारीत सांगतात. त्यात शासन, विद्यापीठे व उद्योग या सर्वांचा खर्च धरलेला असल्याने शासनाला ही टक्केवारी एकट्याच्या बळावर गाठता येत नाही. धोरणविषयक चर्चेत हा भेद पुष्कळदा सुटतो.

टक्केवारीच्या निकषाचा उगम काही अभ्यासक रोमजवळील फ्रास्काती येथे १९६३ मध्ये तयार झालेल्या नियमावलीत शोधतात. तथापि ती नियमावली संशोधनावरील खर्चाच्या मोजणीची होती. लक्ष्य ठरवणे हा तिचा हेतू नव्हता. ब्रिटिश वैज्ञानिक जे. डी. बर्नाल यांनी १९३९ मध्येच संशोधनावरील खर्चाची राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करून तो अनेक पटींनी वाढवण्याची मागणी केली होती. त्यामुळे निकषाचे श्रेय त्यांच्याकडे देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. यूरोपीय संघाने २००२ मध्ये बार्सिलोना येथे स्वीकारलेला ३ टक्क्यांचा आकडा मात्र वेगळ्या वळणाचा आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेचा खर्च सुमारे तेवढा होता व त्यात संरक्षण आणि अवकाश यांचा भाग मोठा होता. तोच पुढे इतरांचा मानदंड बनला असावा. गरजेच्या हिशोबातून तो निघालेला दिसत नाही.

भारताच्या १९५८ च्या विज्ञान धोरण ठरावात टक्केवारी नाही. २००३ च्या धोरणात दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस २ टक्के हे लक्ष्य आले. २०१३ च्या धोरणाने ते पुन्हा मांडले, पण खाजगी क्षेत्राने शासनाच्या बरोबरीने खर्च केला तरच, या अटीवर. २०२०-२१ मध्ये प्रत्यक्ष प्रमाण ०.६४ टक्के होते. त्यात केंद्र शासनाचा वाटा सुमारे ४४ टक्के, तर खाजगी उद्योगांचा ३६ टक्के होता. दक्षिण कोरियात उद्योगांचा वाटा जवळजवळ चार-पंचमांश आहे. केंद्राचा बराचसा पैसा संरक्षण, अवकाश, कृषी व अणुऊर्जा यांकडे जातो. उच्च शिक्षण संस्थांचा वाटा एकूण खर्चाच्या ९ टक्क्यांच्या आसपास राहतो.

वास्तववादी पातळी ठरवताना निधी पचवण्याची क्षमताही पाहावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा निधी १९९८ ते २००३ या काळात दुप्पट झाला. त्या आशेवर प्रयोगशाळा व संशोधक वाढले. पुढे वाढ थांबताच मंजूर होणाऱ्या प्रस्तावांचे प्रमाण घसरले. म्हणून एकदम मोठ्या उडीपेक्षा अनेक वर्षे टिकणारी मध्यम वाढ बरी, असे मानणाऱ्यांची बाजू भक्कम ठरते. भारतात २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये अपेक्षित धरले होते. त्यांपैकी ३६,००० कोटी शासनाबाहेरून यायचे होते.

देशाच्या एकूण संशोधन खर्चात राज्य शासनांचा वाटा ७ टक्क्यांहून कमी असून तो प्रामुख्याने कृषी संशोधनावर खर्च होतो. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे या प्रकारात मोडतात.