किबा (टोकियोची लाकूडपेठ)

किबा म्हणजे जपानीत सरळसरळ 'लाकडाची जागा'. आपण वखार म्हणतो तेच, फक्त ही वखार पाण्यात होती. टोकियोत सुमिदा नदीच्या पूर्वेला, आजच्या कोतो वॉर्डात हा भाग येतो आणि १७०१ पासून साधारण पावणेतीनशे वर्षं शहराच्या बांधकामाचं बरंचसं लाकूड इथल्याच कालव्यांतून जायचं. धंदा सगळा घराण्यांच्या हातात, आणि पुढे परदेशी लाकूड यायला लागलं तेव्हा तेही ह्याच वखारवाल्यांनी विकायला घेतलं.

सुरुवात झाली ती आगीमुळे. टोकियोचं जुनं नाव एदो, आणि एदो म्हणजे घराला घर चिकटलेलं लाकडी शहर, आग लागली की मोहल्लेच्या मोहल्ले साफ. लाकडाचे साठे आधी भरवस्तीत होते, १६४१ च्या आगीनंतर ते नदीपलीकडे न्यायला लावले. मग १६५७ ची मेइरेकी आग, मेलेल्यांचा आकडा लाखाच्या घरात सांगतात. तेव्हा म्हणे कावामुरा झुइकेन नावाचा माणूस, शहर अजून जळतंय तोवर, थेट मध्य जपानातल्या किसोच्या डोंगरात गेला आणि मिळेल ते लाकूड उचलून ठेवलं, त्यातनं गबर झाला. पुढच्या पिढीतला लाकूड व्यापारी किनोकुनिया बुंझाएमोन तर दंतकथाच, त्याच्या उधळपट्टीचे किस्से आजही सांगतात, खरे किती ते सोडा.

लाकूड पाण्यात का ठेवायचे? आगीपासून वाचतं हे एक. शिवाय पाण्यात ओंडका तडकत नाही, आणि जमिनीवर जो हलवायला दहा जण लागतील तो पाण्यात एकटा माणूस लांब दांड्याच्या आकडीने ढकलतो. हे काम करणाऱ्यांना 'कावानामी' म्हणायचे. आकडी ओंडक्याच्या टोकाला टोचायची, पायाने ओंडका फिरवून बघायचा, माल पारखायचा आणि तसाच तराफ्याला जोडायचा. तरंगत्या ओंडक्यावर उभं राहायची हीच सवय पुढे खेळ झाली, 'काकुनोरी'. ह्यात ओंडका गोल नसतो, चौकोनी तासलेला असतो, म्हणजे प्रत्येक वळणाला कड पायाखाली येते, त्यावर कोणी छत्री घेऊन नाचतो, कोणी शिडी उभी करून वर चढतो.

माल मोजायचं माप 'कोकु', दहा घन शाकु. एक शाकु जवळपास एक फूट, म्हणजे आपल्या घनफुटाच्या हिशेबात एक कोकु साधारण दहा घनफूट.

घराण्यांचं गणित जपानच्या बाकी व्यापाऱ्यांसारखंच. दुकानाचं नाव दारातल्या पडद्यावर, 'नोरेन'वर असायचं, आणि पिढ्या बदलल्या तरी ते नाव टिकवायचं. मुलगा नालायक निघाला किंवा नुसत्या मुलीच असल्या तर हुशार नोकराला जावई करून घ्यायचे आणि दत्तकही, तो बायकोच्या घराचं आडनाव लावायचा. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक हसतात, तिथे तो मालक व्हायचा. जुन्या मुनिमाला, म्हणजे 'बांतो'ला, कधी कधी तेच नाव वापरून वेगळं दुकान काढून द्यायचे, त्यामुळे एकाच नावाच्या चार पेढ्या दिसल्या तर गोंधळून जाऊ नये.

आयात जोरात आली ती पुन्हा एका संकटानंतर. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत टोकियो बेचिराख झालं, घरं पटापट उभी करायची होती, मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लाकूड जहाजं भरभरून आलं. त्याला अजूनही 'बेइमात्सु' म्हणतात, बेइ म्हणजे अमेरिका, मात्सु म्हणजे पाइन, खरं तर तो डग्लस फर, पाइन नव्हेच. पण व्यापाऱ्याने ठेवलेलं नाव आहे, वनस्पतिशास्त्राला विचारून थोडीच ठेवतात.

मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग परत जळला. युद्धानंतर प्लायवूडसाठी फिलिपिन्सचं लाउआन नावाचं लाकूड, नंतर बोर्निओचं लाकूड आलं. १९५९ च्या इसेवान वादळात नागोया बंदरातले असेच प्रचंड ओंडके लाटांबरोबर वस्तीत घुसले, घरं चिरडली आणि कित्येक माणसं मेली. त्या वादळात एकूण पाच हजारांवर लोक गेले. १९६४ पर्यंत लाकडाची आयात पूर्ण मोकळी झाली आणि मोठ्या ट्रेडिंग कंपन्या उतरल्या, जहाज बुक करणं, डॉलर, क्रेडिट सगळं त्यांच्याकडे. घराणी बरीचशी त्यांच्याकडून माल घेऊन विकणारी उरली. बाहेरूनही दोर आवळले गेले, इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, अमेरिकेने १९९० मध्ये पश्चिमेकडच्या सरकारी जंगलातले ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं, म्हणून मग ओंडक्याऐवजी कापलेला माल यायला लागला.

गंमत अशी की जपानचा दोन तृतीयांश भाग जंगलच आहे. युद्धानंतर सगळीकडे सुगीची, म्हणजे जपानी सीडरची लागवड केली, पण ती झाडं मोठी होईपर्यंत स्वस्त परदेशी लाकडाने बाजार खाल्ला होता आणि २००२ च्या सुमारास देशी लाकडाचा वाटा १९ टक्क्यांच्याही खाली आला. आता तो ४० टक्क्यांच्या आसपास आहे. तोपर्यंत सुगीने लोकांना दिलं काय, तर दर वसंतात परागांमुळे शिंका.

जुन्या किबात आता कालव्यांच्या जागी बाग आहे, १९९२ ची. पेठ १९७० च्या दशकात समुद्रात भर घालून केलेल्या शिन-किबाला, म्हणजे नव्या किबाला, गेली. तिथे स्टेशनजवळ लाकूड व्यापाऱ्यांच्या संघाने २००९ मध्ये स्वतःची बहुमजली इमारत बांधली, आतबाहेर लाकूडच लाकूड. काकुनोरी मात्र जुन्या किबातच होतो, ऑक्टोबरात, बागेतल्या तळ्यात, मुद्दाम आणून सोडलेल्या ओंडक्यांवर.