मुलींच्या शाळा निघाल्या, शिकवायचं कोणी?

मुंबई इलाख्यातल्या स्त्रीशिक्षणाची चर्चा बहुधा ‘पहिली शाळा कोणाची’ यावरच अडकते. अमेरिकन मिशनने मुंबईत 1824 मध्ये मुलींची शाळा काढली होती. पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांची शाळा 1848 मध्ये सुरू झाली. शाळा काढण्यापेक्षा ती टिकवणं अवघड होतं, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे शिक्षिकांचा दुष्काळ.

आठव्या-नवव्या वर्षी लग्न, न्हाण आलं की सासर. शाळेच्या वाट्याला यायची जेमतेम तीन-चार वर्षं. तेवढ्यात मुळाक्षरं, थोडं वाचन आणि बेरीज-वजाबाकी व्हायची, की नाव कमी. थोराड मुलीला पुरुष पंतोजीपुढे बसवायला घरचे तयार नसत. आणि शिकवायला बाई हवी तर आधी कोणीतरी मुलगी शेवटपर्यंत शिकलेली हवी.

फुल्यांनी हा पेच घरातूनच सोडवला. सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकवलं, मग अध्यापनाचं रीतसर शिक्षण दिलं. नगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिचेल बाई यांच्याकडे त्या शिकल्याचे उल्लेख आहेत. 1851-52 मध्ये बुधवार, रास्ता आणि वेताळ पेठेत वर्ग निघाले. वाचन, व्याकरण, अंकगणित, नकाशांसह भूगोल शिकवला जाई आणि परीक्षा लोकांसमक्ष होई. पुढे सरकारने दक्षिणा फंडातून दरमहा 75 रुपये मंजूर केले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेतून उरलेला हा फंड, त्यामुळे पुण्यात कुरकुर होणारच. पण एवढ्या पैशांत शाळा भागत नव्हत्या, आणि 1857 नंतर युरोपीय देणगीदारांचाही हात आखडला.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या तरुणांनी 1849 मध्ये मुलींच्या शाळा काढून वेगळी वाट धरली. दादाभाई नौरोजींसारखी मंडळी सकाळी कॉलेजच्या आधी बिनपगारी शिकवत. उत्साह दांडगा, पण शिक्षक सगळे पुरुष, म्हणजे मूळ अडचण जिथल्या तिथेच.

इंग्रज समाजसुधारक मेरी कार्पेंटर 1866 मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि मुलींच्या शाळांआधी शिक्षिका तयार करणारी नॉर्मल स्कुलं काढा, असा लकडा त्यांनी सरकारमागे लावला. पुण्याचं फीमेल ट्रेनिंग कॉलेज 1870 चं. तिथे येणार कोण? कुलीन घरच्या बायका येईनात, म्हणून शिक्षकांच्या बायकांना शिकवून नवऱ्याच्याच गावी नेमायचं, हा व्यवहारी तोडगा निघाला. त्यात मेख अशी, की नवऱ्याची बदली झाली की बाईची शाळाही उठायची.

1882 मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं लिहून दिलं. पंडिता रमाबाईंची साक्ष मात्र थेट या दुखण्यावर बोट ठेवते. शिक्षिका बायकाच हव्यात, त्यांना शिष्यवृत्त्या द्या, राहण्याची सोय कॉलेजच्या आवारातच करा आणि पगार पुरुषांपेक्षा जास्त ठेवा, असं त्यांचं मागणं. शाळा तपासणाऱ्या बायकाही त्यांनी मागितल्या. जास्त पगाराची मागणी आज धाडसी वाटते. तेव्हा ती निव्वळ हिशेबी होती, कारण लोकनिंदा सोसून नोकरीला येणाऱ्या बाईला त्याची भरपाई हवी.

पुण्यातलं मुलींचं हायस्कूल हुजूरपागा 1884 चं. तिथे पहिल्या लेडी सुपरिंटेंडेंट मिस हरफर्ड, कारण हायस्कूल सांभाळेल अशी इकडची बाई हाताशी नव्हती. तीनच वर्षांत टिळकांनी ‘मराठा’ या साप्ताहिकातून तिथल्या इंग्रजीवर आणि 11 ते 5 या वेळेवर झोड उठवली. घरकामाला मुलगी उरणार कधी, हा त्यातला सवाल शहरी ब्राह्मण घरांना पटणाराच होता.

शेवटी शिक्षिकांचा वर्ग मिळाला तो विधवांमधून. त्यांना सासरी जायचं म्हणून शाळा सोडावी लागत नव्हती, आणि पोट भरण्याची निकड होती. पंडिता रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदा सदन 1889 मध्ये निघालं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगमुळे आश्रम हिंगण्याला, गावाबाहेर झोपडीत गेला. पुण्यात 1909 पासून रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात शिक्षिका घडू लागल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ जणी विधवाच होत्या.