वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर उघडकीस येणारे सुप्त विकार (सोलापूर परिसर)

जठर लहान करून (‘स्लीव्ह’) किंवा अन्नाची आतड्यातली वाट बदलून (‘बायपास’) वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना त्रास होतो. त्या त्रासाचा माग काढताना कधी कधी शस्त्रक्रियेच्या आधीपासून अंगात असलेला, पण कोणाच्या लक्षात न आलेला आजार हाती लागतो. प्रस्तुत नोंद अशा निदानांपुरती आहे. टाक्यांतून होणारी गळती, रक्तस्राव, पित्ताशयातील खडे या नेहमीच्या गुंतागुंती येथे गृहीत धरल्या आहेत.

सोलापूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागातले बरेच रुग्ण पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथे ऑपरेशन करून घेतात आणि काही दिवसांत घरी परततात. त्रास सुरू होतो तो घरी. मग परगावची फाईल सोलापूरच्या डॉक्टरांच्या टेबलावर येते आणि रुग्ण सांगतो, ‘पोट बारीक केल्यापासून हे सुरू झालं.’ त्याचे म्हणणे खोटे नसते. पण ‘पासून’ म्हणजे ‘मुळे’च असे नाही, आणि यांतले कोणते खरे हे ठरवण्यासाठीच तपास असतो.

संज्ञा व पूर्वपीठिका : अशा शस्त्रक्रियेला लावला जाणारा ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द ग्रीक ‘बारोस’ म्हणजे वजन आणि ‘इआत्रोस’ म्हणजे वैद्य यांवरून विसाव्या शतकात घडवला गेला. मराठी बोलण्यात ‘बायपास’, ‘स्लीव्ह’ किंवा नुसते ‘पोटाचं ऑपरेशन’ चालते. पैकी ‘बायपास’मुळे हृदयाच्या बायपासशी घोटाळा होतो, म्हणून जुना इतिहास विचारताना नेमके काय केले हे विचारून घ्यावे लागते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाची गणना आठ निंदित देहांत आहे, आणि स्थूल व कृश या दोघांना आजार झाला तर तो स्थूलाला अधिक पीडतो असे तेथे म्हटले आहे.

पहिली शस्त्रक्रिया कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. सर्वसाधारणपणे १९५४ साली मिनेसोटातील क्रेमेन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या, लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळणाऱ्या पद्धतीकडे मान जातो. स्वीडनमधील हेन्रिक्सन यांनी १९५२ च्या सुमारास आतड्याचा भाग कापून काढल्याची नोंद त्याआधीची आहे. मात्र कापून काढणे आणि बाजूला ठेवणे या वेगळ्या कल्पना आहेत. आजच्या बायपासचा वंश दुसऱ्या कल्पनेतून येतो, त्यामुळे रूढ मत स्वीकारायला हरकत दिसत नाही. जठराचा बायपास त्यानंतरचा. आयोवातील एडवर्ड मेसन यांनी तो १९६६-६७ च्या सुमारास रूढ केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण पुढे बारीकच राहतात, हे निरीक्षण त्यामागे होते.

आतड्याचा तो आरंभीचा बायपास पुढे मागे पडला, कारण त्यानंतर यकृत निकामी होणे आणि मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे व क्षार साचणे असे प्रकार दिसू लागले. या यकृतविकाराची गोष्ट प्रस्तुत विषयाला फार जवळची आहे. चरबी साचलेल्या, सुजलेल्या, दारूड्यासारख्या दिसणाऱ्या यकृताचे चित्र या रुग्णांत आधी शस्त्रक्रियेचा दोष म्हणून पाहिले गेले. १९८० साली मेयो क्लिनिकचे लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या आणि असे ऑपरेशन न झालेल्या लोकांतही तेच चित्र दाखवून त्याला स्वतंत्र नाव दिले. ज्याला ऑपरेशनची चूक समजले गेले, त्यातले बरेच समाजात आधीपासून होते.

साठ्यावरून कालनिर्णय : कमतरता ऑपरेशनने आणली की आधीची होती, हे ठरवायचे सर्वांत विश्वासू साधन म्हणजे शरीरातील साठ्याचा हिशोब. ब-१ जीवनसत्त्वाचा (थायमिन) साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. सहा आठवडे उलट्या झालेल्या रुग्णाला दोन दोन दिसू लागले, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर दोष नव्याने आलेला आहे. जुने काही शोधत बसू नये, ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावे. हाच आजार कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये ज्या तीन रुग्णांत वर्णन केला, त्यांपैकी दोघे दारूडे होते. तिसरी सल्फ्युरिक आम्ल प्यायल्याने जठराचे तोंड बंद होऊन सतत ओकणारी शिवणकाम करणारी तरुणी होती. वेर्निके आजार म्हटले की सगळ्यांना दारू आठवते आणि ही मुलगी विसरली जाते.

ब-१२ चा हिशोब याच्या उलट. यकृतातला साठा सहसा दोन-तीन वर्षे किंवा अधिक पुरतो. म्हणून ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात पायांना मुंग्या, जिभेची आग आणि मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या, तर साठा आधीच रिकामा होता असे समजण्यास सबळ कारण असते. पिढीजात शाकाहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे घेतलेले मेटफॉर्मिन आणि ‘ॲसिडिटी’साठी रोज सकाळची पँटोप्राझोल ही तीन कारणे आपल्याकडे एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात भेटतात. त्यांनी उत्तर मिळाले नाही, तर जठराच्या पेशींवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केल्यामुळे होणारा रक्तक्षय शोधावा लागतो. ब-१२ देऊनही चाल सुधारली नाही तर तांबे मोजावे. केस गळतात म्हणून स्वतःहून चालू ठेवलेल्या झिंकच्या गोळ्या तांब्याचे शोषण अडवतात. लोहाबाबत हा हिशोब तितका कामाचा नाही, कारण बायकांत साठा आधीपासूनच तळाला असतो.

‘घेरी’ : सोलापुरात मराठी, तेलुगू व कन्नड बोलणारी घरे शेजारी राहतात आणि दवाखान्यात या सगळ्यांची तक्रार ‘घेरी येते’ या दोन शब्दांत मांडली जाते. त्या घेरीची वेळ विचारली की अर्धे निदान होते. खाल्ल्यावर अर्ध्या तासात, घाम आणि धडधडीसह येणारी घेरी डंपिंगची. हर्ट्झ यांनी १९१३ मध्ये ती जठर लवकर रिकामे होण्याशी जोडली, तर ‘डंपिंग’ हा शब्द मिक्स यांनी १९२२ मध्ये वापरला. गड्ड्याच्या यात्रेत जिलेबी खाऊन बसकण मारणारा रुग्ण बहुधा याच गटातला. उठून उभे राहताना येणारी घेरी पाणी कमी पडल्याची. खाण्याशी संबंध नसलेला, सतत जाणारा तोल वर सांगितलेल्या थायमिनचा. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी येणारी घेरी साखर उतरल्याची असू शकते, आणि खरा वाद तिच्याविषयी आहे.

२००५ साली मेयो क्लिनिकमधून सहा रुग्णांचा वृत्तांत आला. जठराच्या बायपासनंतर जेवणानंतर साखर धोकादायक पातळीवर उतरत होती, आणि काढलेल्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. त्या स्थितीला ‘नेसिडिओब्लास्टोसिस’ म्हणतात. ही संज्ञा लेडलॉ यांची, १९३८ मधली. बायपासमुळे या पेशी वाढतात, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी मायर व सहकाऱ्यांनी तेच नमुने पुन्हा मोजले आणि पेशींचे क्षेत्र रुग्णांच्या ऑपरेशनपूर्व वजनाला साजेसेच असल्याचे सांगितले. म्हणजे पेशी लठ्ठपणात आधीच मोठ्या झालेल्या होत्या. वजन उतरले तरी त्या जुन्याच हिशोबाने इन्सुलिन सोडत राहिल्या. तिसरा पक्ष आतड्यातील संप्रेरकांचा, विशेषतः जीएलपी-१ चा. बाजूला ठेवलेल्या जठरात नळीने अन्न दिले की साखर उतरणे थांबते आणि जीएलपी-१ ची क्रिया रोखल्यावरही थांबते, हे प्रयोग या पक्षाला बळ देतात. उलट स्वादुपिंडाचा भाग काढूनही काहींत त्रास परत येतो. प्रस्तुत नोंदकाराला पेशींच्या संख्येपेक्षा अन्नाच्या बदललेल्या वाटेचा पक्ष अधिक पटतो; पेशींचा पक्ष मात्र पूर्ण फेटाळता येत नाही.

वाद चालू असला तरी एक गोष्ट निसटू देऊ नये. त्या सहांपैकी एकात इन्सुलिन सोडणाऱ्या अनेक गाठीही (इन्सुलिनोमा) होत्या. इन्सुलिनोमाचा रुग्ण घेरी टाळण्यासाठी दर दोन तासांनी खात राहतो आणि त्याचे वजन वाढत जाते. ऑपरेशनने खाणे बंद पाडले की लपलेली गाठ उघडी पडते. उपाशीपोटी, पहाटे येणारी घेरी म्हणून वेगळी नोंदवावी आणि त्या क्षणीचे साखर, इन्सुलिन व (शरीरात इन्सुलिनसोबतच तयार होणारे) सी-पेप्टाइड एकत्र मोजावे.

विरळ विकार : उपवास, प्रथिनांचे बदललेले प्रमाण आणि झपाट्याने उतरणारे वजन हे अनेक जन्मजात विकारांचे ट्रिगर आहेत. यूरिया चक्रातील (प्रथिनांपासून सुटणाऱ्या अमोनियाचा यूरिया करणाऱ्या साखळीतील) ओटीसी या विकराची (एन्झाइमची) कमतरता एक्स गुणसूत्रावरून येते. अर्धवट दोष असलेली बाई आयुष्यभर ठीक राहते आणि बायपासनंतर काही महिन्यांनी गुंगीत जाते. यकृताचे रिपोर्ट बऱ्यापैकी, सीटी स्कॅन साधा, फक्त रक्तातला अमोनिया वाढलेला. नातेवाईकांना विचारले तर कळते की लहानपणापासून तिला डाळ आणि मटण ‘जड जायचं’. हे रक्त बर्फात ठेवून लगेच तपासावे लागते. मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, बाटली खिशात घालून दुसऱ्या टोकाच्या लॅबला नेली तर आकडा खोटाच वाढलेला येतो. पॉर्फिरियात (रक्तातले हीम बनवण्याच्या जन्मजात दोषात) असह्य पोटदुखी असते, ती गळती समजून पोट पुन्हा उघडले जाते. उन्हात ठेवलेली लघवी गडद होते का, एवढे पाहिले तरी दिशा मिळते.

मधुमेहाच्या चुकीच्या वर्गीकरणाला विरळ म्हणता येणार नाही. ‘टाइप २’ म्हणून ऑपरेशन झालेल्या, इन्सुलिन थांबवलेल्या रुग्णाला धाप लागली आणि रक्त आम्लधर्मी झाले, तर जीएडी प्रतिपिंडे (स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्धची) पाहावीत. तो मुळात हळू चालणारा टाइप १ असू शकतो. एसजीएलटी-२ गटातली मधुमेहाची गोळी चालू राहिली तर साखर जवळजवळ सामान्य दिसूनही असे होते. स्लीव्हनंतर यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी झाली तर रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष तपासतात. पोट बारीक होऊनही रक्तदाब उतरला नाही, जांभळे वळ राहिले, दंड-मांड्यांची ताकद गेली, तर कुशिंग विकार (कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा) मनात यावा. रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळचे कॉर्टिसॉल पाहणे ही साधी चाचणी.

क्षय : जठर काढलेल्यांत क्षय अधिक होतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अडचण वेगळी आहे. एरवी दोन महिन्यांत दहा किलो उतरले तर घरचे दवाखान्यात ओढून नेतात. येथे त्याच दहा किलोंबद्दल अभिनंदन होते. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि भूक मेल्याची तक्रार ‘ऑपरेशनच तसलं आहे’ म्हणून सोडून दिली जाते. निदान झाल्यावर बायपास झालेल्यांत रिफॅम्पिसिनसारख्या औषधांचे शोषण कमी पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

स्थानिक आहार व हवामान : सोलापूर जिल्हा शाळूचा. मंगळवेढ्याची ज्वारी आणि मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ ही जात सर्वज्ञात आहे. ज्वारीत ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन नसते. भाकरीवर वाढलेल्या माणसाचा सीलियाक विकार (ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा) सौम्य राहून झाकला जाऊ शकतो. ऑपरेशननंतर ‘मऊ खा’ म्हणून दलिया, शेवया, दुधात बुडवलेली बिस्किटे सुरू होतात आणि जुलाब, न हटणारा रक्तक्षय पुढे येतो. हा विकार उत्तर भारताच्या मानाने दक्षिणेकडे कमी आढळतो, त्यामुळे त्याची आठवण उशिरा होते. कडक भाकरी मात्र आमटीत पुरती भिजल्याशिवाय लहान केलेल्या जठरात अडकते. त्यानंतरच्या उलटीमागे सुप्त विकार शोधू नये.

उन्हाळ्यात पाणी घोट घोट प्यावे लागत असल्याने दिवसाचे दीड-दोन लिटर पूर्ण होत नाहीत. बायपासमध्ये न पचलेली चरबी कॅल्शियम धरून ठेवते आणि मोकळे ऑक्झलेट रक्तात जाते. लघवी घट्ट असेल तर मूत्रपिंडातला जुना, न कळलेला बिघाड क्रिएटिनिनच्या आकड्यातून एकदम समोर येतो.

काढलेले जठर : स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून फॉर्मलिनमध्ये तपासणीला जातो. त्यात हेलिकोबॅक्टर जंतू, जठराच्या अस्तराचा दाह आणि क्वचित, साधारण शंभरात एखाद्याला, ‘जिस्ट’ जातीची छोटी गाठ मिळते. बायपासमध्ये ते जठर पोटातच राहते आणि तोंडावाटे दुर्बीण त्यापर्यंत पोचत नाही. स्लीव्हचा हा रिपोर्ट तयार व्हायला काही दिवस लागतात; तोवर रुग्ण पुण्याहून घरी आलेला असतो, आणि डिस्चार्ज कार्डावर त्या रकान्यात ‘रिपोर्ट येणे बाकी’ एवढेच लिहिलेले असते.